बंदिशाळेतील विद्या : हिंडलगा ते स्वतंत्रपूर

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात तुरुंगाविषयीचा लेख पाहून काही सभासदांस नवल वाटेल. तथापि कोणत्याही जुन्या मराठी वाचनालयाची कपाटे उघडून पाहावीत. तुरुंगाने आपल्या वाङ्मयाला किती दिले आहे हे तत्काळ ध्यानात येते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत रविवारी रविवारी झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली. अंदमानच्या कोठडीतील दिवसांची हकीकत सांगणारी सावरकरांची 'माझी जन्मठेप' १९२७ साली ग्रंथरूपाने आली.

या मालिकेत आपल्या दाराशी असलेल्या हिंडलग्याचेही नाव आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते. कडोलीहून बेळगावास जाऊन वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह लागते. इंग्रजी अमदानीत १९२३ साली ते उभे राहिले. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई १९३३-३४ च्या कारावासात येथे होते आणि गांधीजींच्या 'अनासक्तियोगा'चे इंग्रजी भाषांतर, त्याला जोडलेल्या विस्तृत निवेदनासह, त्यांनी त्या बंदिवासात सिद्ध केले. ते पुस्तकरूपाने १९४६ साली, म्हणजे महादेवभाईंच्या निधनानंतर चार वर्षांनी बाहेर पडले. मंडाले, धुळे आणि हिंडलगा या तीन तुरुंगांत तीन थोर पुरुष गीतेच्या चिंतनात रमले, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. पुढे १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही काही महिने बेळगावच्या याच तुरुंगात स्थानबद्ध करून ठेवले होते.

परंतु हे सारे पुरुष विद्या घेऊन आत गेले होते. तुरुंगाने त्यांना एकांत दिला. शिकवले काहीच नाही. त्यांच्या शेजारच्या बराकीत चक्की ओढणारा, दोर वळणारा, बागेत पाणी घालणारा जो साधा कैदी होता, शेताच्या बांधावरून कुऱ्हाड उचललेला किंवा दुष्काळात धान्याचे कोठार फोडलेला, त्याच्या हाती तुरुंगाने काय दिले? तो सुटून गावी परतला तेव्हा कोणते अक्षर आणि कोणती कला घेऊन परतला? या प्रश्नाचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा विचार आहे. आपल्या भाषेत तुरुंगाला 'बंदिशाळा' असा जुना शब्द आहे. त्यातील 'शाळा' म्हणजे केवळ घर वा जागा, हे खरे; तरी तो शब्द वाचताना मन क्षणभर थबकते.

इंग्रजी राज्याच्या आरंभी या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर अगदी स्पष्ट होते : काहीही देऊ नये. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ साली आपला अहवाल दिला. तुरुंगात कैद्यांना शिक्षण, नीतीचा उपदेश किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल बक्षीस देण्याची कल्पना या समितीने समजून उमजून फेटाळली. काम कंटाळवाणे, नीरस आणि कष्टाचे असावे, म्हणजे तुरुंगाची दहशत राहील, असा तिचा रोख होता. ज्या मेकॉलेने १८३५ साली हिंदुस्थानच्या शिक्षणाची दिशा ठरवली, त्याच्याच पुढाकाराने तीन वर्षांनी तुरुंगाच्या दारात शिक्षणाला मज्जाव व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढे कंटाळवाण्या कामातून पैसा निघत नाही हे ध्यानात आल्यावर तुरुंगात कारखाने निघाले. येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. तेथे गालिचे विणले जाऊ लागले. विजापूरच्या असर महालात जतन झालेल्या जुन्या गालिच्यांच्या नकला येरवड्याच्या मागांवर उतरल्या. आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला एक अवाढव्य अखंड गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी विलायतेत गेला आणि विंडसरच्या राजवाड्यात अंथरला गेला. कलाकुसरीच्या दृष्टीने ही कामे लहान नव्हेत. पण सर जॉर्ज बर्डवुड या हिंदी कलांच्या अभ्यासकाने १८८० सालच्या आपल्या ग्रंथात तुरुंगाच्या गालिच्यांवर कडक टीका केली. फुकटच्या मजुरीवर निघालेला माल बाहेरच्या विणकराच्या पोटावर येतो आणि कलेचाही कस उतरतो, असा त्याचा आक्षेप होता.

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून निसटली. गालिचा विणणारा तो हात सुटल्यावर कोठे जाणार होता? माणदेशातील धनगराच्या किंवा बेळगाव तालुक्यातील कुळवाड्याच्या घरी गालिच्याचा माग नसतो. एवढे मोठे भांडवल घालून त्याला माग कोण मांडून देणार, आणि त्या गालिच्याला गावच्या बाजारात गिऱ्हाईक कोठून येणार? म्हणजे दहा वर्षे शिकलेली कला तुरुंगाच्या फाटकाशी संपत होती. ती शिकवण्यामागचा हेतूच तुरुंगाचा जमाखर्च हा होता. कोणता धंदा शिकवायचा हे ठरवताना सरकारी कचेऱ्यांना काय लागते, तुरुंगाला काय परवडते आणि पहारा कोठे सोपा पडतो, एवढे पाहिले जाई. कागदपत्रे छापणे, पोलिसांसाठी कापड विणणे, टेबले-खुर्च्या करणे ही कामे त्यातूनच रुजली. माणूस सुटून जाईल तो दिवस कोणाच्याच हिशेबात नव्हता. तुरुंगातील शिक्षणाचा इतिहास चाळताना हाच एक दोष पुन्हा पुन्हा समोर येतो आणि तो केवळ परकीय राज्यापुरता मर्यादित नाही, हे पुढे दिसेलच.

१८९४ साली झालेला तुरुंगांचा कायदा शिस्त, काम आणि शिक्षा यांचीच चौकट आखणारा होता. सक्तमजुरीचे काम दिवसाला नऊ तासांहून अधिक घेऊ नये, अशी तरतूद त्यात सापडते. खरे वळण आले ते सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या समितीमुळे. या समितीने देशातील तुरुंग पाहिलेच, शिवाय विलायत, अमेरिका, जपान व फिलिपाइन्स येथीलही पाहिले. कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणे हे तुरुंगाचे ध्येय असले पाहिजे, असे सरकारी कागदावर स्पष्टपणे प्रथम आले ते येथे. लहान वयाच्या गुन्हेगारांना जुन्या कैद्यांच्या संगतीतून वेगळे काढण्याचा विचारही बळावला. मुंबई इलाख्यात १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. आपल्या बाजूची अशी शाळा धारवाडला होती. सोळा ते एकवीस वर्षांच्या मुलांना तेथे अक्षरओळख आणि हातची कला शिकवण्याची योजना होती. त्याआधी कितीतरी वर्षे, १८५७ पासून, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा अशाच मुलांसाठी चालत आलेली होती. म्हणजे मुलांच्या बाबतीत सरकारला जे सुचले, ते बापाच्या बाबतीत सुचण्यास बराच काळ जावा लागला.

येथे एक कटू प्रकरण नोंदवणे भाग आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूर, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी काटेरी कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द अजूनही लोकांच्या तोंडी आहे. या वसाहतींत मुलांसाठी शाळा होत्या, मोठ्यांना कामधंदा लावून दिला जाई. कागदावर पाहिले तर शिक्षण आणि रोजगार यांची जोड येथे तुरुंगापेक्षा चांगली होती. परंतु पुष्कळांचा रोजगार म्हणजे शेजारच्या गिरणीतील पाळी, आणि हजेरी चुकली की शिक्षा. कोणताही गुन्हा न करता कुंपणात जन्मलेल्या मुलाला अक्षरे शिकवणे याला सुधारणा म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. निपाणीला लागूनच असलेल्या करवीर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी याच्या कितीतरी आधी, १९१८ साली, हजेरीची पद्धत बंद केली होती आणि फासेपारध्यांना आपल्याच पदरी राखणदारीच्या नोकऱ्या दिल्या होत्या. सरकारने आधी कुंपण घातले आणि मग काम दिले. महाराजांनी आधी विश्वास टाकला.

असाच विश्वास दुसऱ्या एका माणसाने टाकला आणि तो तर आपल्या बेळगावचाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान होते. चाराकापणीचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी येथेच घडवले. गावच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या उजाड माळावर कारखान्याची राखण कोणी करायची? लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली, दरोडेखोर म्हणून पंचक्रोशीत ज्यांचे नाव घेतले जाई अशी माणसे रात्रीच्या पहाऱ्याला ठेवली. शेजारपाजारच्यांनी कपाळाला हात लावला असणार. पण त्या माणसांनी वाडी राखली. येथे शिक्षणाची योजना नव्हती, वर्ग नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला सर्वांत दुर्मिळ असलेली वस्तू, म्हणजे त्याला कामावर घेणारा मालक, तेवढा होता. या विषयावर पुढे शेकड्यांनी अहवाल निघाले. त्यांच्या जाड बासनात या मालकासाठी फारच थोडी पाने आहेत.

औंध संस्थान तसे लहानच. अवघ्या बहात्तर गावांचे आणि तीही सातारा-विजापूरकडे विखुरलेली. त्याच्या अधिपतीची सूर्यनमस्कारांविषयीची निष्ठा आणि चित्रकला सर्वांना ठाऊक आहे. १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने औंधने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. या प्रयोगात राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश यंत्रज्ञ होता. तो बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि येथलाच झाला. 'भारतानंद' हे नाव त्याने घेतले. गांधीजींच्या चरखा-तकलीच्या प्रयोगांत त्याचा हात होता. धनुष तकलीशी त्याचे नाव जोडलेले आहे. उत्तर आयुष्यात निसर्गदत्त महाराजांची मुंबईतील मराठी संभाषणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवली तीही यानेच. एकाच माणसाच्या आयुष्यात कारखाना, तुरुंग, तकली आणि अद्वैत अशा गोष्टी सुखाने नांदल्या, हे पाहून थक्क व्हायला होते.

याच फ्रीडमनच्या पुढाकाराने आणि राजेसाहेबांच्या संमतीने १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत सुरू झाली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर. आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड, माणसे काटक. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे वाचक या मुलखाला ओळखतात. या माळावर जन्मठेपेसारख्या लांब शिक्षेचे कैदी आणून ठेवले. भोवती भिंत नाही, बुरूज नाही, हातात बेडी नाही. कैद्याने शेती करावी, आपल्या घामाचे पीक काढावे आणि बायकामुलांना घेऊन राहावे, अशी ती व्यवस्था.

बारकाईने पाहिले तर या व्यवस्थेत शिक्षणाचा विचार येरवड्याच्या मागाहून अगदी वेगळ्या टोकापासून सुरू होतो. कैदी मुळात शेतकरी. तो सुटून जाणार शेतावरच. तेव्हा त्याला शिकवायचे ते शेतीच : विहिरीचे पाणी कसे पुरवावे, कोणते पीक केव्हा घ्यावे, हिशेब कसा ठेवावा. त्याहून महत्त्वाचे असे की संसार मोडू दिला नाही. दहा-बारा वर्षांनी सुटलेल्या माणसाचे पहिले संकट उपजीविकेचे खरेच, पण त्याच्या बरोबरीचे संकट घर तुटल्याचे असते. बायको माहेरी गेलेली, जमीन भावकीने कसायला घेतलेली, मुले ओळख न देणारी. ज्याला घर राहिलेले नाही त्याला कोणती कला उपयोगी पडणार? स्वतंत्रपुरात माणूस शिक्षा भोगत असतानाच कुटुंबाचा कर्ता राहत होता. निर्णय घेण्याची सवय त्याची सुटत नव्हती. तुरुंगात सकाळच्या घंटेपासून रात्रीच्या कुलपापर्यंत एकही निर्णय कैद्याला स्वतः घ्यावा लागत नाही आणि ही सवय लागली की तो बाहेरच्या जगाला कायमचा निकामी होतो. या रोगावर उतारा म्हणून स्वतंत्रपूर पाहावे.

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, परंतु स्वतंत्रपूर विलीन होऊन नाहीसे झाले नाही. सांगली जिल्ह्यात महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ते आजही चालू आहे, आणि निवडक बंदी तेथे कुटुंबासह राहतात. त्याची कीर्ती दूरवर गेली ती मात्र रुपेरी पडद्यामुळे. शेटफळे गावी जन्मलेले आणि औंधच्या शाळेत शिकलेले ग. दि. माडगूळकर यांनी हा विषय व्ही. शांताराम यांच्यासाठी कथारूपात बांधला आणि १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. बर्लिनच्या महोत्सवातही १९५८ साली त्याचा गौरव झाला. तो पाहिलेल्यांना जेलरचे ते दोन डोळे आठवतात. आमच्या मते त्यातील अधिक अर्थपूर्ण भाग पुढचा आहे. सहा कैदी खडकाळ जमिनीत भाजी पिकवतात, ती घेऊन बाजारात जातात, रास्त भावाने विकतात, आणि तेथे दलालाचे वैर ओढवून घेतात. माळाशी झुंज सोपी होती, बाजाराशी अवघड. कडोली परिसरातील ज्या शेतकऱ्यांनी भाजीची गाडी भरून पहाटे बेळगावचा बाजार गाठला आहे, त्यांना या प्रसंगाचे मर्म निराळे समजावून सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल थोडक्यात आटोपता येईल, कारण तिच्यात अहवाल पुष्कळ आणि स्वतंत्रपुरे थोडी. उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंदांच्या पुढाकाराने १९५२ पासून धरणाच्या कामावर कैद्यांच्या खुल्या छावण्या झाल्या. महाराष्ट्रात पैठणला खुले कारागृह झाले. कर्नाटकाचे खुले कारागृह मात्र बेंगळूरजवळ, देवनहळ्ळीच्या बाजूला, म्हणजे बेळगावच्या कैद्याला घरापासून दूर. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बंद्यांच्या वागणुकीचे किमान नियम ठरवले. २०१५ साली त्यांची सुधारित आवृत्ती नेल्सन मंडेला यांच्या नावाने स्वीकारली गेली. त्यात दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. उद्योगातून होणाऱ्या नफ्यापायी बंद्याचे हित आणि त्याचे धंदेशिक्षण दुय्यम ठरू नये, ही एक. आणि प्रत्येक कारागृहात ग्रंथालय असावे, ही दुसरी. आपल्याकडे न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८० ते १९८३ या काळात देशातील तुरुंगांचा सविस्तर धांडोळा घेतला. कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, हे १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. १८९४ च्या कायद्याच्या जागी यावा म्हणून केंद्राने नवा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे धाडला तो २०२३ साली; जुन्या कायद्याला तोवर एकशे एकोणतीस वर्षे झाली होती.

अक्षरविद्येच्या बाजूने मात्र प्रगती झाली हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. दिल्लीच्या तिहारमध्ये १९९४ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने महाराष्ट्रातील कारागृहांत अभ्यासकेंद्रे चालवली आणि आत जाताना शाळा अर्धी सोडलेली माणसे पदवी घेऊन बाहेर आली. मुक्त विद्यापीठाचा एक गुण असा की ते विद्यार्थ्याला पत्ता विचारत असले तरी भूतकाळ विचारत नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या उपक्रमाने १९९० पासून तुरुंगातून सुटलेल्यांना आणि कच्च्या कैद्यांना निरनिराळ्या संस्थांत उमेदवारीची जागा मिळवून देण्याचे काम हाती घेतले. किर्लोस्करांनी माळावर जे सहज केले, तेच येथे पद्धतशीर रीतीने करावे लागले, एवढाच फरक. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळण्याचे काम काही वर्षे बंद्यांकडे होते. हे उदाहरण क्षुल्लक वाटेल, पण लाडू वळता येणाऱ्याला आचाऱ्याच्या हाताखाली आज कोठेही काम मिळते, गालिचा विणणाऱ्याला मिळत नाही.

आता पुन्हा हिंडलग्याकडे वळू. आपल्याकडे हिंडलगा म्हटले की लोकांच्या मनात प्रथम फाशीचा खांब येतो. तेथे विणकाम, शिवणकाम, सुतारकाम असे उद्योगही चालत आले आहेत, हे सहसा बोलले जात नाही. हे धंदे वाईट नव्हेत. परंतु बेळगावात आज कोणते हात हवे आहेत, हे पाहायला उद्यमबागेतून एक फेरी मारली तरी पुरे. ओतशाळा, लेथ, वेल्डिंग, मोटारींचे सुटे भाग. शहापूर-वडगावच्या मागांनाही हात हवेत, पण ते यंत्रमागाचे. निपाणीकडे तंबाखूची वखार आणि साखर कारखाना. खेड्यांत पंप दुरुस्त करणारा, ठिबकची नळी जोडणारा, ट्रॅक्टरचे पान-पाना जाणणारा माणूस वेळेवर मिळत नाही. तुरुंगातील धंदेशिक्षणाची आखणी करणाऱ्याने ही यादी आधी करावी आणि त्या यादीतील चार मालकांना, नावानिशी, शिक्षण सुरू होण्यापूर्वीच भेटावे. शिकून झाल्यावर मालक शोधण्याचा क्रम उलटा आहे. दुसरे असे की जे प्रमाणपत्र द्यायचे त्यावर कारागृहाचे नाव असू नये. ते नाव पाहिले की पुढचा एकही शब्द कोणी वाचत नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. हिंडलग्यात येणाऱ्या बंद्यांत कोणाची बोली मराठी, कोणाची कन्नड, कोणाची उर्दू, कोणाची कोकणी. निरक्षर माणसाला पहिले अक्षर कोणत्या लिपीत द्यायचे? शहाणपण असे सांगते की प्रौढ माणूस आधी स्वतःच्या बोलीतच वाचायला शिकतो. घरून आलेले पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये, हीच त्याची पहिली गरज असते. राज्याची भाषा त्याला उपजीविकेसाठी अवश्य शिकवावी, पण ती त्यानंतर. या बाबतीत सीमेवरच्या माणसाला तरी वाद न घालता एकमत होता यावे. घरच्या पत्राला राजकारण नसते.

सर्वांत अवघड गोष्ट आकड्यांत आहे. २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ ही कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही अशी. शंभरात जवळजवळ शहात्तर. शिक्षणाच्या आणि उद्योगाच्या साऱ्या योजना मात्र पक्क्या कैद्याला समोर ठेवून आखलेल्या असतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सहा महिन्यांची उमेदवारी. कच्च्या कैद्याला उद्या जामीन मिळेल की तीन वर्षांनी, हे त्याला ठाऊक नसते, त्याच्या वकिलालाही नसते. त्याच्यावर काम करण्याची सक्ती नाही, त्यामुळे उद्योगशाळेत त्याचा नंबर शेवटी लागतो. तो दिवसभर बराकीत बसून राहतो. मेकॉलेच्या काळी कैद्याला निदान चक्की तरी होती.

या माणसापर्यंत पोहोचण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत पुस्तक हा एक आहे, आणि येथे ग्रंथालयाचा संबंध सरळ येतो. सावरकरांनी अंदमानात कैद्यांना अक्षरे शिकवली आणि तेथे ग्रंथसंग्रह उभा राहावा म्हणून खटपट केली, तेव्हा त्या कैद्यांपैकी कित्येकांना पुस्तक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. आपल्या भागातील बहुतेक वाचनालयांत दुबार प्रती असतात. एकाच कादंबरीच्या तीन-तीन, गाथा आणि ज्ञानेश्वरीच्या तर मोजदाद नको इतक्या. शिवाय देणगीदारांनी घरातील कपाट मोकळे करताना दिलेली शेतीची, आरोग्याची, मोटारदुरुस्तीची पुस्तके, जी आपले सभासद क्वचितच नेतात. वार्षिक मोजणीच्या वेळी ती वेगळी काढून ठेवता येतील. कारागृहात जाणारे प्रत्येक पुस्तक तपासले जाते, म्हणून यादी दोन प्रतींत करून आधी अधीक्षकांकडे पाठवावी लागेल आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागेल. मोठ्या टायपाची पुस्तके यादीत आधी घ्यावीत. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला आणि बराकीतल्या उजेडाला तीच सोयीची पडतात.